मराठी कुणाशी बोलता?

हिंदी मुलखातल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या शरदिनीताई बँकेतून निवृत्त झाल्या होत्या. गल्लीतल्या मराठी घरांच्या चालीरीतींचा अभ्यास करायला मधुरा नावाची मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी त्यांच्याकडे आली. सणवार, सोवळं, स्वयंपाक सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, तुम्ही मराठी कुणाशी बोलता?"

यजमान गेल्यापासून कुणाशीच नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मुलगा-सून हिंदीच बोलत. दुपारभर त्यांचं कशात मन लागेना. शेवटी चपला घालून त्या समोरच्या इंदूवन्संकडे गेल्या. सत्यनारायणाच्या प्रसादावरून दोघींचा कित्येक वर्षांचा अबोला होता.

"आज इकडे कुठे?" वन्संनी दारातच विचारलं.

"भांडायला आले. मराठीत!"

संध्याकाळपर्यंत दोघी मनसोक्त भांडल्या. घरी परतल्यावर शरदिनीताईंना बोलायचं राहून गेलेलं बरंच काही आठवलं आणि पुन्हा चैन पडेना.