नऊ महिन्यांचा चौकोन

नातवाला नऊ महिने झाले आणि गोवराच्या लशीचा दिवस नेमका अमावास्येला आला. माझ्या नणंदबाई, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो, रायापूरहून सकाळीच येऊन बसल्या.

"अमावास्येला सुई टोचतात का? त्यात नाक वाहतंय. पुढच्या आठवड्यात बघूया की."

हेच मी मुलाच्या वेळी ऐकलं होतं, आणि शाळेत विज्ञान शिकवत असूनही मान डोलावली होती. तो पुढचा आठवडा आलाच नाही. मुलगा चार वर्षांचा असताना त्याला गोवर निघाला, त्याच्याकडून आठ महिन्यांच्या मुलीला. दाराला कडुलिंब बांधला, घरात फोडणी बंद केली, देवीला दहीभात दाखवला. दोघंही खडखडीत बरी झाली. गोवर आला तसा गेला, असं मीच शेजारणींना सांगत होते.

गेला नव्हता. नवव्या वर्षी मुलीच्या हातून पेले पडू लागले. अक्षर बिघडलं म्हणून मी तिला ओरडले, पानंच्या पानं गिरवायला लावली. मग अंगाला झटके येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, गोवराचा विषाणू मेंदूत ठाण मांडून बसलाय. त्यानं रूप बदललंय. पेशीबाहेर येतच नाही, एकीतून दुसरीत शिरतो. चोरानं रस्त्यावर न येता भिंती फोडत घरामागून घर लुटावं, तसा. रक्तात त्याच्याशी लढायची ताकद भरपूर होती, पण ती त्याला हुसकू शकली नाही. अकराव्या वर्षी मुलगी गेली.

मुलानं एकदा विचारलं, "आई, तिला कुठून आला गं?"

"हवेतून," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. त्याहून जास्त मी मरेपर्यंत सांगणार नाही. चूक माझी होती, त्याची नव्हे.

"अक्का, अमावास्येचं पाप माझ्या माथी," असं म्हणून मी बाळाला उचललं. सून चपला घालून तयारच होती.

"देवी कोपेल हं."

"कोपू दे. माझ्याकडून न्यायचं ते तिनं नेलंय."

केंद्रात नर्सबाईंनी ताप बघितला आणि त्या हसून कानडीत म्हणाल्या, "नेगडी इद्रू नडीतैतिरी, अज्जी." सर्दी असली तरी चालतं. बाळ रडलं. त्यांनी कार्डावर तारीख घातली.

मुलाचं जुनं कार्ड माझ्या ट्रंकेत आहे. त्यावर नऊ महिन्यांचा चौकोन अजून रिकामा आहे. नातवाचं कार्ड मी घरी येईपर्यंत कुणाच्या हातात दिलं नाही.