जुनी फाईल ठेवायची की नवी?

कुणी विचारलं, की हिंगोलीतल्या त्या माती तपासणीच्या लॅबमध्ये तुम्ही नेमकं काय शिकलात, तर मला एका फाईलचेच किस्से आठवतात. आमच्या सॉफ्टवेअरची सगळी सेटिंग त्या फाईलमध्ये होती. लॅबमधले जुने सहायक राठोडभाऊ, त्यांनी ती वर्षानुवर्षं एकेक ओळ घालत वाढवली होती. नवी आवृत्ती टाकली की संगणक दर वेळी विचारायचा, जुनी फाईल ठेवू की नवी टाकू?

पहिल्यांदा मी ऐटीत ‘नवी’ म्हटलं. अहवालावर गावांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन छापून आले. मराठी फॉन्टची ओळ जुन्या फाईलबरोबर गेली होती. राठोडभाऊ रागावले नाहीत. पिशवीतून फ्लॉपी काढत म्हणाले, “आधी जुनीची नक्कल, मग शहाणपण.”

*

पुढच्या वेळी मी घाबरून ‘जुनी’ म्हटलं. नव्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या ओळी तिच्यात नव्हत्या, ते सुरूच होईना.

“ताई, भिऊन केलं तरी चुकी व्हतेच,” राठोडभाऊ म्हणाले.

*

मग मातीचा खारेपणा मोजणाऱ्या मीटरचे आकडे वाचणारं आणि अहवाल छापणारं अशी दोन सॉफ्टवेअर एकत्र झाली. नव्याची फाईल वेगळी. जुनी जागेवरच होती, पण तिला कुणी वाचत नव्हतं. संगणकाने काही तक्रार केली नाही. तक्रार केली कुरुंद्याच्या गंगाबाईंनी. त्यांच्या अहवालात आलं होतं, जमीन खारी, हळदीला अयोग्य. त्यांनी कागद टेबलावर परत ठेवला.

“चाळीस वर्सं त्याच रानात हळद काढून राहिले. मशीनला पुन्हा इचारा.”

आमचं मीटर जुनं, थोडं जास्त दाखवायचं. ती चूक वजा करणारी ओळ जुन्या फाईलमध्येच राहिली होती. त्या आठवड्यातले सगळे कागद आम्ही दोघांनी गावोगाव जाऊन बदलून दिले. एकाने तर हळदीचं बेणं परत केलं होतं. त्याच्यासमोर मला मान वर करवेना. गंगाबाईंनी नवा कागद वाचलाच नाही, चहा ठेवला.

*

त्यानंतर आम्ही दोन्ही फाईली शेजारी ठेवून एकेक ओळ पाहिली. एका ओळीत होतं, अहवाल छापण्याआधी चाळीस सेकंद थांब. मला वाटलं, जुन्या प्रिंटरसाठी असेल. आता प्रिंटर नवा होता, म्हणून मी ती गाळायला निघाले.

राठोडभाऊंनी हात आडवा केला.

“प्रिंटरला कधीच लागत नव्हतं ते. कागद हाती पडला की माणूस उठून जातो, ताई. मग रानाचं काही बोलत न्हाई.”