ताऱ्याचा आजचा आवाज

आमच्या घरात यंत्राचं दुखणं कानाने ओळखतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, कोपरगावकडच्या साखर कारखान्यात फिटर होते. चालू बेअरिंगवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते ऐकायचं. मी पीएचडीला पल्सार घेतला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आवाज येतो का त्याचा?"

येतो, म्हणजे काढावा लागतो. पल्सार हा मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गोळा. त्यातून रेडिओलहरींचा झोत निघतो, आणि दर फेरीला तो पृथ्वीवरून गेला की आपल्याला एक ठोका मिळतो. दुर्बिणीच्या नोंदीतले असे ठोके एकावर एक रचले की त्यांचा आवाज करता येतो. माझा तारा जुन्या मोपेडसारखा फटफटायचा. आप्पा जाम खूश. दर सुट्टीला नवा आवाज मागायचे, जुना चालायचा नाही. यंत्र आज कसं आहे ते आजच्याच आवाजावरून कळतं, हा त्यांचा हट्ट.

मग ठोका बदलायला लागला. आधी पसरट झाला, नंतर क्षीण. मी दुर्बिणीला दोष दिला, मग माझ्या प्रोग्रॅमला, आणि मधल्या काळात सगळ्यांवर खेकसून घेतलं. कारण निघालं जोडीदारात. माझ्या ताऱ्याभोवती तसाच एक जड तारा अगदी जवळून फिरतो. त्याच्यामुळे आजूबाजूचं अवकाश वाकतं आणि माझ्या ताऱ्याचा आसच हळूहळू दिशा बदलतो. झोत पृथ्वीवरून सरकत चालला होता. माझ्या गाइड बाईंना आनंद झाला. सापेक्षतेच्या गणितात बसतंय, प्रबंध पक्का. मला मात्र वाईट वाटत होतं. इतकी वर्षं रोजचा असलेला तारा हातातून जात होता.

दिवाळीत आप्पांना सांगितलं.

"बेअरिंग गेलं असंल."

"नाही हो आप्पा, तारा ठणठणीत आहे. तोंड फिरवलंय फक्त."

"परत वळंल का इकडं?"

"वळेल. पण खूप वर्षांनी."

"मंग तवा मी काय न्हाई ऐकत," ते शेंगा सोलत म्हणाले. "आत्ताचा लाव."

आत्ताच्या नोंदीत ठोका उरलाच नव्हता, हे मला माहीत होतं. मागच्या वर्षीचा छान आवाज मोबाईलमध्ये आजच्या आवाजाच्याच खाली होता. बोट तिकडे गेलंही. पण आप्पांना आजचा म्हणजे आजचाच हवा होता. मी तो लावला. नुसती खरखर.

त्यांनी मोबाईल कानाला लावला, डोळे मिटले. आईने आतला मिक्सर बंद केला. बराच वेळ ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हाय की," ते म्हणाले. "लई बारीक हाय, पन हाय."

कारखान्यात साहेब समोर उभे असले तरी आप्पांनी मशीनबद्दल कधी कुणाच्या मनासारखं सांगितलं नव्हतं. मी "हो" म्हणाले आणि आत जाऊन रडले.