एका हाताने उघडणारा व्ह्यूफाइंडर

भर उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तुम्हाला स्वतःच्या तोंडाशिवाय काय दिसतं?

आमच्या घरी येणाऱ्या, राबणाऱ्यांच्या चळवळीच्या पत्रकांवरची अक्षरं लावत मी वाचायला शिकले. जमिनीची, मिठागरांची, हक्काची पत्रकं. त्यामुळे आमच्या कंपनीच्या नव्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यातून व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, काढून टाकायचं ठरलं, तेव्हा मी भडकले. स्क्रीन एसी केबिनमध्ये झकास दिसते. उरणच्या धक्क्यावर उन्हात उभ्या माणसाने काय अंदाजाने फोटो काढायचे?

साहेब म्हणाले, "तो असला की कॅमेरा खिशात मावत नाही. सोमवारपर्यंत आत-बाहेर होणारा करून दाखव, नाहीतर विषय बंद."

आणि मी केला! बटण दाबलं की स्प्रिंगवर व्ह्यूफाइंडरची डबी टुणकन वर. मग दुसऱ्या हाताने डोळ्याकडची काच मागे ओढायची, की चित्र स्पष्ट. शनिवारी नमुना घेऊन मी जवळजवळ नाचतच पावणे गावातल्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथले फिटरकाका जवळच्याच गावचे. त्यांच्या डाव्या हातात कायम तेलाची चिंधी. त्यांनी उजव्या हाताने बटण दाबलं, डोळा लावला.

"धुकं हाय गो यात."

"काका, काच मागे ओढा ना. दुसऱ्या हाताने."

"दुसरा हात मोकला कोनाचा हाय? तुझ्या साहेबाचा?"

मला चपराकच बसली. राबणाऱ्यांच्या नावाने भांडणाऱ्या मीच दोन्ही हात रिकामे असलेल्या माणसासाठी कॅमेरा केला होता!

तिथेच कागद ओढला. डबीच्या बाजूच्या न हलणाऱ्या पत्र्यात तिरकी खाच, तिच्यात काचेला जोडलेली पिन. डबी वर चढताना खाचच पिनेला मागे ढकलेल. काकांनी चिंधी खाली ठेवली, कानस उचलली. पहिल्यांदा पिन अडकली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा टक्! डबी वर, काच मागे, एकाच दमात.

"आता माझ्या कामाचा झाला," काका म्हणाले आणि चिंधी परत हातात घेतली.

सोमवारी साहेबांना गच्चीवर उन्हात नेलं, एका हातात चहाचा ग्लास दिला, दुसऱ्यात कॅमेरा. टक्! खाडीकडे डोळा लावून ते कितीतरी वेळ उभे.

"ठेवू या," ते म्हणाले. चहाचा थेंब सांडला नव्हता. मी मात्र आनंदाने किंचाळले.

तुम्ही काहीही बनवत असाल, साधं कुलूप का असेना, एवढं कराच: ज्याचा एक हात कामात गुंतलाय, त्याच्या दुसऱ्या हातात ते द्या. मदत करू नका. नुसतं बघा.