‘सेट’चा खोका

लखनौच्या आमच्या कॉलनीतले शेजारी, आमच्यासारखेच मराठी आणि इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, अकरा वर्षांपासून ‘सेट’ या एकाच शब्दाच्या मागे लागलेले आहेत. अमीनाबादेत मी कपबशांचा सेट घेतला, तर भर बाजारात म्हणाले, “हा सेट लॅटिनमधून फ्रेंचवाटे आलाय. दही सेट होतं, तो मूळचा इंग्रजीच!” दुकानदार हसला, मीही हसलो. प्रत्येक अर्थ ते जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहून ठेवतात.

परवा त्या पत्रिकांचा खोका घेऊन ते दारात उभे राहिले. “मुलगा म्हणतो, पापा, ये सब फ़ोन में है, रद्दी में दे दीजिए. घरात मराठी वाचणारं कुणी नाही. तुम्ही वाचता ना?”

“वाचतो की, सर,” मी म्हणालो. खरं तर मी मराठीत फक्त नातेवाइकांचे मेसेज वाचतो.

“आणि तुमच्यानंतर?”

आतून माझी मुलगी ओरडली, “पापा, अंकल चाय लेंगे?”

सरांनी खोक्याचं झाकण नीट बसवलं. “अच्छा. म्हणजे तुमच्यापर्यंत,” एवढंच म्हणाले आणि खोका माझ्या हातात ठेवून चहा न घेताच गेले.