सासूबाईंच्या गंगावनातले तीळ

सासूबाईंच्या गंगावनात उवा मी सोडल्या. (तिळाच्या होत्या. पण हे आधी सांगायला हवं होतं!)

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. गावाकडच्या बाईंनी मला खेळातून शिकवलं, तसंच आपण शिकवायचं, एवढं ठरवून मी लालबागला पहिलीच्या वर्गावर आले. वर्गात मनू एकटी बसायची. "बाई, तिच्या डोक्यात उवा आहेत!" म्हणून तिच्या बाकावर कुणी बसेना.

मग मी खेळ काढला. नारळाला डोळे रंगवले, त्यावर सासूबाईंचं गंगावन (न विचारता!) बांधलं. उवा म्हणून काळे तीळ, लिखा म्हणून खसखस, आणि सगळं चिकटावं म्हणून वर खोबरेल. पोरं फणी घेऊन तुटून पडली. "उवा कुणालाही होतात!" सगळ्यांनी माझ्यामागून एका सुरात म्हटलं. आणि मनूपासून लांब बसून डबे उघडले.

गंगावन मी झटकून कपाटात ठेवलं. म्हणजे, झटकलं असं मला वाटलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याच घरी. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, त्याच गंगावनाचा भरघोस अंबाडा घातलेला. वाण द्यायला त्या वाकल्या आणि ताटात टपकन एक काळा ठिपका पडला. मग दुसरा. मग लिखांची भुरभुर!

"अगं बाई, उवा!" अख्खी सतरंजी रिकामी झाली.

"गो सूनबाय, ह्यां काय गो?" आईंनी अंबाडा चाचपला. डोळे भरले.

"तीळ आहेत हो! संक्रांत आहे ना!"

"संक्रांत अंबाड्यात?" दारातून शेजारच्या काकू.

तेवढ्यात आमच्याच चाळीतल्या वरच्या मजल्यावरून तिच्या आईबरोबर आलेली मनू पुढे झाली आणि आईंना चिकटून बसली. "आजी, रडू नको. उवा कुणालाही होतात. माझ्या पण आहेत ना!" मग अंबाड्यातला एक ठिपका काढून तिने सगळ्यांदेखत चावला. "हा तीळच आहे. तेलकट आहे पण!"

आधी किंकाळ्या, मग हशा! आईंनी तिला मांडीवर ओढलं. "ये गो बाय माझ्या. आता तुझा डोक्या मी बघतंय." तिथेच फणी आली. चाळीतल्याच, माझ्या वर्गातल्या दोघी मुली पुढे सरकल्या. "आजी, आमचं पण!"

"मनूच्या मागे बसा," आई म्हणाल्या.

सोमवारी मनूच्या बाकावर जागेसाठी भांडण झालं. ते सोडवताना माझ्या कानामागे काहीतरी खाजलं.

"खसखस असेल," मी घरी म्हणाले. आईंनी फणी फिरवली, उजेडात धरली.

"गो, ह्यो तीळ चालता!"

आमच्या घराण्यात पदवीधर डोक्यापर्यंत पोहोचलेली ती पहिली ऊ!