बिरू ड्रायव्हरचा सत्कार

गारखेड्यातल्या त्या गल्लीत घराघरांमधी एकेरी विटेची भिंत. इकडं भाकरी थापावी अन् तिकडचं भांडण ऐकावं. बिरू अन् त्याची बायको बानाबाई यांचं एक जुनं भांडण असंच कानी पडलेलं.

"मेंढरं राखत होता तवा पिलात, चाललं. मेंढरं आपल्या पायानं घरी यायची. शाळंची बस येती का?"

"अगं, मी पितो रविवारी. बस चालती सोमवारी!"

"अन् रविवार सोमवारात सांडला म्हंजी?"

सांडला नाही, अकरा वर्षं. गंगापूरकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला हा गडी शाळेची पिवळी बस अशी चालवायचा, की मागं झोपलेलं लेकरू जागं होऊ नये. शाळेतली पोरं "बिरूकाका" म्हणायची. एवढीच त्याची इज्जत, अन् ती त्या स्टेअरिंगवर टांगलेली.

मग जानेवारीत भावाच्या घरी कंदुरी झाली. नवसाचं बोकड पडलं, अन् बोकडाबरोबर जे येतं तेही आलं. भर दुपारी मोटरसायकलवर परतताना पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं.

"साहेब, देवाचा प्रसाद हाय."

"मशीनला देव दिसत नाही बाबा. फुंक."

केस झाली. कोर्टात दंड भरला अन् लायसन तीन महिन्यांसाठी परिवहन खात्याकडं गेलं. बिरूनं मनाशी निवाडा केला: गाडी माझी, बोकड भावाचं, शाळेचा काय संबंध? अन् दुसऱ्या दिवशी बस काढली.

बानाबाई म्हणाली, "शाळंच्या मोठ्या मॅडमला खरं सांगा. तीन महिने झाडू मारा, गेटवर बसा. नोकरी तरी ऱ्हाईल."

तो सांगणारही होता. पण त्याच आठवड्यात शाळेनं ठरवलं, रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात आदर्श चालक म्हणून बिरूचा सत्कार करायचा. आता शाल अन् नारळ चालून आलेले असताना नको म्हणणारा माणूस आपल्या मुलखात अजून जन्मायचा आहे.

"सत्कार झाला की सांगतो," बिरू म्हणाला, अन् पंधरा दिवस लायसनाशिवाय लोकांची लेकरं नेली-आणली.

कार्यक्रमाला पाहुणे कोण, तर परिवहन खात्याचेच साहेब. शाल घातली, नारळ दिला, अन् साहेबांना उत्साह आला.

"मुलांनो, चांगला चालक लायसन कायम जवळ ठेवतो. दाखवा हो काका!"

बिरूनं खिसा चाचपला, डोकं खाजवलं. खोटं त्याला कधी धड जमलंच नाही.

"ते तुमच्याच हापिसात हाय साहेब. तीन महिन्यांसाठी."

पोरांना वाटलं हाही एक मान असंल. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

संस्थेचे अध्यक्ष श्रीनिवासराव गरजले, "अशा माणसाच्या हाती मुलं?" रावांना स्वतःला रोज संध्याकाळी दोन पेग लागतात, पण ते मागच्या सीटवर बसतात. मागं बसून पिला तो साहेब, पुढं बसून पिला तो गुन्हेगार. म्हणून बिरू शहाणा ठरत नाही म्हणा. रावांनी निदान कुणाची लेकरं तरी वाहिली नव्हती.

मुख्याध्यापिका वैदेही मॅडम ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"काका, प्यायलात ते एक दिवस. पण मला फसवलंत पंधरा दिवस. आधी सांगितलं असतंत तर गेटवर ठेवलं असतं."

"आता ठेवा."

"आता नाही ठेवता येत."

दुपारी दुसऱ्याच ड्रायव्हरनं पोरं सोडली अन् बस आणून लावली. बिरूनं रोजच्यासारखी ती झाडली, सीटाखाली वाकून पाहिलं. रोज बसनं येणाऱ्या मिहिरची पाण्याची बाटली राहिली होती. ती घेऊन तो चालत त्याच्या घरी गेला अन् दोन जिने चढला.

दार मिहिरच्या आईनं, मीनाक्षीताईनं उघडलं. पालकांच्या ग्रुपवर सगळं येऊन गेलेलं.

"काका... ते खरं आहे?"

"व्हय ताई." त्यानं बाटली पुढं केली. "झाकण सैल झालंय. नवीन बसवा, नायतर दप्तर भिजंल."